खिडक्यांचा पेपर

सोमवार, ३ नोव्हेंबर

मार्चनंतर एकदम आज. माफी मागतो. कोणाची, ते ठरत नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही आणि मीही क्वचितच वाचतो. तरी माणसाने माफी मागून सुरुवात करावी, पुढचं सोपं जातं.

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. (हे खरं नाही. एप्रिलमधले संकल्प मेमध्ये मोडले, आणि ते लिहायची लाज वाटली. आता लिहून टाकलं.)

आज मात्र घडलं. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकबाईंनी मला एकट्याला बोलावलं आणि ऑफिसचं दार लोटून घेतलं. शाळेचा पट घसरलाय. चौकापलीकडच्या मोठ्या शाळेत आपली शाळा मिसळून टाकायची, असं खात्यात चाललंय. अजून ठरलेलं काही नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला साहेब येणार, एक तास वर्गात बसणार. त्या तासात त्यांना असं काही दिसलं पाहिजे की ही शाळा बंद करायला त्यांचा हात धजू नये. बाई म्हणाल्या, पहिलीचा वर्ग त्यांनी स्वतः झाडून सुरू केला होता, कुलूपही त्यांनीच लावायची वेळ येऊ नये. मग म्हणाल्या, "तुम्ही एम.ए. आहात सर. काहीतरी करा."

माझं एम.ए. या शाळेत लोकांना आठवतं ते अशा वेळी.

घरी येताना सुचलं. वर्तमानपत्र! चौथीला सामाजिक शास्त्र पुस्तकातून शिकवायचंच नाही. रोजचा पेपर वर्गात उघडायचा. पुस्तकात 'आपले गाव, आपले मदतनीस' म्हणून हसणारा पोस्टमन आहे. तो पोस्टमन गेली अनेक वर्षं हसतोय. पेपरात जिवंत समाज असतो.

बायकोला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते, त्यामुळे माणसाकडे बघण्याची तिला सवय आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तू स्वतः पेपर कधी वाचतोस. मी म्हणालो, रविवारची पुरवणी वाचतो. ती म्हणाली, पुरवणी तू पांघरतोस.

उद्यापासून रोज पेपर वाचणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शाळेत एकच पेपर येतो. तिसरीच्या बाई त्यातलं शब्दकोडं सोडवतात, शिपाईमामा भविष्य वाचतात, मग त्यावर डबे उघडतात. बाईंकडून परवानगी मिळवली: आजपासून पेपर आधी चौथीला, मग स्टाफला. तिसरीच्या बाईंनी पेन्सिल टेबलावर जोरात ठेवली.

प्रकल्पाचं नाव ठरवण्यात संध्याकाळ गेली. 'बातमीतून नागरिक'. मग 'नागरिकातून बातमी' जास्त खोल वाटलं. मग त्याचा अर्थ काय, हा प्रश्न पडला. पहिलंच ठेवलं.

पेपर वाचायचा राहिला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिला तास. आपत्ती.

पेपर उघडून म्हणालो, मुलांनो, या आरशात आपला समाज दिसतो. पहिल्या पानावर एका भावाने दुसऱ्याला सुऱ्याने भोसकलं होतं. दुसऱ्या पानावर बँकेतला घोटाळा. तिसऱ्यावर एका नटीचा तिसरा घटस्फोट. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे वकिलीण म्हणतात, कारण उत्तर मिळालं की ती उलटतपासणी सुरू करते. तिने विचारलं, एकाच बाईचे तीन घटस्फोट कसे होतात. मी म्हणालो, ते आपण मोठेपणी बघू. मागून एकीने हात वर केला, माझ्या मावशीचा झालाय, मी सांगते. आणि तिने सांगितलं. मावशीच्या सासूसकट. तास संपला तेव्हा मावशी माहेरी पोचली होती.

समाज दिसला. मला हवा होता तो नव्हे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

उपाय सापडला. आज लवकर जाऊन स्टाफरूममध्ये एकटा बसलो. घरून बायकोची शिवणाची कात्री नेली होती. पेपर वर्गात जाण्याआधी मुलांच्या वयाला न शोभणारं सगळं कापून काढलं. खून, घोटाळा, नटी. तीन बातम्या, तीन चौकोनी भोकं. उरलेला पेपर निर्मळ.

प्रश्न पडला: ही फसवणूक तर नाही? बराच वेळ विचार केला. मी मुलांना खोटं काही दाखवत नाही. फक्त खरं थोडं कमी दाखवतो. पुस्तकही तेच करतं.

कापलेले तुकडे फेकले नाहीत. बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले, घरी. प्रामाणिक माणसाने पुरावा जपावा.

सोमवार, १० नोव्हेंबर

तास शांत झाला. हवामान शिकवलं. कमाल, किमान, आर्द्रता.

एक अडचण. पेपरला दोन बाजू असतात, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. तिसऱ्या पानावरची चोरी कापली तर मागचा खेळाडू कमरेपासून वर गेला. मुलांनी उरलेल्या पायांवर पाच ओळी लिहिल्या. वाईट नव्हत्या. एकाने लिहिलं, 'या पायांना आपण जिंकलो की हरलो हे माहीत नाही.' याला मी दहापैकी नऊ दिले.

मुलांनी भोकांना 'खिडक्या' नाव दिलंय. पेपर उभा धरला की खिडकीतून डोळा लावून एकमेकांना बघतात. हसू येत होतं, पण आवरलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

निकष अधिक काटेकोर केले. अपघात काढले (भीती). भांडणारे पुढारी काढले (वाईट वळण). दारूबंदीची बातमी काढली, कारण तीत दारू होती. भविष्य काढलं, अंधश्रद्धा. सोन्याचे भाव, हाव. मग वाटलं, सोनं काढलं तर फ्रिजची जाहिरात का ठेवायची? तीही काढली.

पंखा लावला की पेपर आता फडफडत नाही, वारा त्यातून आरपार जातो. शिपाईमामांनी आपुलकीने विचारलं, सर, स्टाफरूममध्ये उंदीर झालेत का, औषध आणू का. तिसरीच्या बाईंचं कोडं मी मुद्दाम कापत नाही. ते भावाभावांच्या मारामाऱ्यांच्या पाठीमागे छापतात, त्याला माझा इलाज नाही.

बाई भेटल्या की रोज विचारतात, तयारी कशी चाललीय. मी म्हणतो, उत्तम. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलंय. काल पहिलीच्या वर्गात एकट्या बसल्या होत्या, सुट्टी झाल्यावर. मी बाहेरूनच परतलो.

हे जमलंच पाहिजे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मोठी बातमी, आणि चांगली. पेपरवाला गेटवर भेटला. म्हणाला, सर, काय जादू केलीत, तुमच्या चौथीच्या घरांतून मागणी वाढलीय, पोरं सकाळी दारात उभी राहून पेपर हातातून घेतात. एक पोरगं तर दात घासायचा ब्रश तोंडात धरून उभं होतं.

डोळे भरून आले. अवघ्या पंधरवड्यात वाचनसंस्कृती.

मुलांचा शब्दसंग्रहही वाढलाय. गणिताच्या तासाला एकाने उदाहरण घातलं: तीन आरोपींना जामीन मिळाला, दोन फरार, तर एकूण किती? शब्द माझ्या वर्गातले नाहीत. घरचं वातावरण सुधारत असावं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ती मुलं वाचतात काय ते एकदा विचार. मी म्हणालो, विचारून उत्साह मारायचा नसतो. ती मग बुटांच्या खोक्यातले तुकडे वाचत बसली. चहाबरोबर रोज वाचते. म्हणते, या घरात निवडक आणि उत्तम पेपर आता इथेच मिळतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सावकाश लिहितो.

सकाळी पेपर उघडला. पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात: कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत मिसळण्याचा प्रस्ताव. शाळांची नावं दिली होती. तिसरं नाव आपलं.

स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. बातमी अर्धी होती, खाली लिहिलं होतं, उर्वरित पान सातवर. मी सातवर गेलो नाही. अर्धीच पुरे झाली होती.

विचार केला, आणि मी फार विचार करतो हे मला माहीत आहे. मुलांनी हे वाचलं तर ती घाबरतील. घाबरलेली मुलं साहेबांसमोर बोलणार नाहीत. बाईंनी वाचलं तर त्या आधीच खचतील. शेवटी हा प्रस्तावच आहे, निर्णय नव्हे. आपला तास बघितल्यावर तो बदलेल. त्यासाठीच तर चाललंय सगळं. म्हणजे आज ही बातमी लपवणं म्हणजे शाळा वाचवणंच.

कापली. सरळ, चारी बाजूंनी.

आज पहिल्यांदा कापल्यानंतर पेपरला हात लावावासा वाटेना.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कालच्या पेपरावर आज तास घेतला. आणि माझ्या नोकरीतला सर्वोत्तम तास झाला, हे मी गर्वाने नाही, नोंद म्हणून लिहितो.

वकिलीण सातव्या पानावर बोट ठेवून उभी राहिली. तिथे एका बातमीचं शेपूट होतं, डोकं नसलेलं. तिने विचारलं, सर, हरकत म्हणजे काय. वा. मी खडू घेतला. हरकत म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट मान्य नाही हे लेखी सांगणं. नागरिकाचा हक्क. सरकार विचारतं, कोणाला काही म्हणायचंय का, आणि आपण म्हणायचं असतं. फळा भरला. तिने विचारलं, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत कोणीच काही म्हटलं नाही तर? मी म्हणालो, तर सगळ्यांना मान्य आहे असं धरतात.

वर्ग एकदम शांत झाला. एकही चुळबूळ नाही. चाळीस मिनिटांत मी लोकशाही शिकवली होती.

शेपूट कशाचं आहे ते बघायचं राहिलं. तासाची घंटा झाली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तासाची रंगीत तालीम. हवामान चोख. निवडुंगाच्या प्रदर्शनाची बातमी चोख (कोण, काय, कुठे, कधी, का). 'का' ला एक जण अडतो. निवडुंगाचं प्रदर्शन का भरवतात, हे मलाही नीटसं माहीत नाही.

मुलं हल्ली माझ्याकडे वेगळीच बघतात. गप्प, काळजीने, जसं आजारी माणसाकडे बघतात. वकिलीण तास संपल्यावर थांबली, काहीतरी विचारणार होती. मग म्हणाली, काही नाही सर. आणि मला फळा पुसून दिला. न सांगता.

प्रौढत्व येतंय त्यांच्यात. वर्तमानपत्राचा हा परिणाम मी अहवालात लिहिणार.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज चौथी इतकी शांत होती की बाई दोनदा डोकावून गेल्या. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाली, कचरा गेला. मग तिच्या शेजारणीच्याही डोळ्यांत कचरा गेला. खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. वर्गाच्या.

रविवार, ३० नोव्हेंबर

पूर्ण दिवस तयारी. तक्ते, बाण, रंगीत खडू. बायको म्हणाली जेवून घे. म्हटलं, नंतर. तिने विचारलं, मंगळवारी साहेबांनी मुलांना तुझ्या ठरलेल्यापेक्षा वेगळं काही विचारलं तर. मी म्हणालो, विचारणार नाहीत. वर्गात काय आहे तेवढंच विचारतील ना. वर्गात हवामान आणि निवडुंग आहे.

  

मंगळवार, २ डिसेंबर, दुपार

झालं.

साहेब आले. दमलेले, सर्दी झालेली, हातात रुमाल. मागच्या बाकावर बसले, गुडघे बाहेर. बाई दाराशी उभ्या. हवामान चोख. निवडुंग चोख, 'का' सुद्धा. साहेबांनी शिंक आवरली की जांभई, नक्की कळलं नाही.

मग त्यांनी विचारलं, मुलांनो, या महिन्यात पेपरात वाचलेलं सगळ्यात महत्त्वाचं काय?

एकही हात वर नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. वकिलीण उभी राहिली.

"सर, खिडकीतलं सांगू की बाहेरचं?"

मी मान हलवली, नको म्हणून. साहेबांनी विचारलं, खिडकीतलं म्हणजे? आणि तिने सांगितलं. आमचे सर रोज पेपरातून काही बातम्या कापतात. ज्या कापतात त्या महत्त्वाच्या असतात. आम्ही घरचा पेपर काढून बघतो, खिडकीत काय होतं ते. सगळा वर्ग रोज वाचतो.

साहेब हसले. रुमाल खिशात ठेवला. म्हणाले, मग सांगा की. आणि बांध फुटला. घोटाळा कोणत्या बँकेतला, पैसे कोणाचे, पकडलं कोणी. पूल का खचला, कंत्राट कोणाला होतं. जामीन आणि सुटका यांत फरक काय. कोण, काय, कुठे, कधी, का. जी मुलं निवडुंगाला अडत होती ती एकमेकांना दुरुस्त करत होती. असा तास मी आयुष्यात बघितला नव्हता. मी डस्टर छातीशी धरून उभा होतो. माझा प्रकल्प यशस्वी झाला होता, मला न कळवता.

मग वकिलीण म्हणाली, आणि एक आपल्या शाळेची.

तिने सगळी सांगितली. पहिल्या पानावरची अर्धी आणि सातव्या पानावरची अर्धी. कोणत्या शाळा मिसळणार. कोणाची हरकत असेल तर लेखी कळवा, शुक्रवार अठ्ठावीस तारखेपर्यंत.

बाईंनी दाराची चौकट धरली. या बातमीचं आणि मुदतीचं त्यांना काही माहीत नव्हतं. स्टाफच्या कोणालाच नव्हतं. आमच्याकडे येतो तो खिडक्यांचा पेपर. त्यांनी हळूच विचारलं, अगं, मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत.

"सरांनी ती कापली होती ना, बाई. कापलेलं वाचायचं असतं, बोलायचं नसतं."

मागचा एक मुलगा, ज्याला मी नऊ गुण दिले होते, बसल्या जागेवरून म्हणाला, आणि कोणी बोललं नाही तर सगळ्यांना मान्य आहे असं धरतात, सरांनी शिकवलंय.

घरी कोणी वाचलं नाही का, साहेबांनी विचारलं. वाचलं, सगळ्यांनी वाचलं. सगळे म्हणाले, शाळेत सर आहेत, बाई आहेत. शाळा बघून घेईल.

मंगळवार, २ डिसेंबर, संध्याकाळ

पुढचं लिहितो. लिहिलं नाही तर मी ते उद्या वेगळं आठवीन, माझा मला भरवसा नाही.

ऑफिसात साहेब फार चांगले बोलले. म्हणाले, इतकी तयार मुलं मी या वर्षी बघितली नाहीत. मी खुर्चीत पुढे सरकलो. ते म्हणाले, एकाही शाळेकडून हरकत आली नाही असं मी कालच वर कळवलंय, फाइल गेली. आजची भेट ठरलेली होती म्हणून आलो. आणि खरं सांगू का, आज माझी काळजी मिटली. ही मुलं कुठेही रुळतील. मोठ्या शाळेत तर चमकतील.

म्हणजे तास जितका चांगला, तितकी शाळा बंद करणं सोपं.

बाईंनी त्यांना चहा दिला. मला दिला नाही. मुद्दाम नाही, त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने खोकं पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, मी वाचली होती ती बातमी, खोक्यात. म्हटलं, मग मला काही बोलली का नाहीस.

"तूच कापलीस, म्हणजे तुला माहीतच होतं. मला वाटलं, तुला त्यावर बोलायचं नसेल."

चौथी, आणि ही. सगळ्यांना मी एकच धडा शिकवलाय.

बुधवार, ३ डिसेंबर

अजून वेळ गेलेली नाही. रात्रभर मसुदा केला. सकाळी रजा टाकून खात्यात गेलो. तीन मजले चढलो. तिथल्या कारकुनाने हरकत वाचली, तारीख बघितली, म्हणाला, शुक्रवार गेला. मी म्हणालो, परिस्थिती अपवादात्मक होती. त्याने विचारलं, काय होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि काय होती ते मला सांगता येईना.

तो मुळात चांगला माणूस. म्हणाला, ठेवून जा, मिळाल्याचा शिक्का देतो. शिक्का दिला. निळा, स्वच्छ, सगळी अक्षरं उमटलेली. परत येताना वाटत होतं, शिक्का इतका नीट उमटला म्हणजे कोणीतरी दखल घेईल.

चौकात येईपर्यंत तेवढंही वाटेनासं झालं.

गुरुवार, ४ डिसेंबर

ठरवून गेलो होतो: बाईंना सगळं सांगायचं. बातमी मी वाचली होती. मुद्दाम कापली. पान सातवर गेलो नाही. तीन वाक्यं. वाटेत पाठ केली.

दार लोटून घेतलं. मी म्हणालो, बाई, ती बातमी. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, सर, मी विचार केला. तुम्ही मुद्दाम असं करणार नाही. मागच्या बाजूला काहीतरी घाणेरडं छापलेलं असेल, तुम्ही ते कापलंत आणि त्यात ही गेली. "हो ना?"

त्यांचे डोळे बघितले. त्यांना 'हो' हवं होतं. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाबद्दल त्यांना एवढंच शिल्लक ठेवायचं होतं.

मी हो म्हणालो.

बाहेर येऊन विचार केला: मी खोटं बोललो का? बोलल्या त्या. मी फक्त मान्य केलं. हरकत घेतली नाही.

घरी आल्यावर खोकं उघडलं. तुकडा काढून उलटा केला. मागे काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. गाद्यांची जाहिरात. दोन गाद्या घ्या, उशी मोफत.

शुक्रवार, ५ डिसेंबर

बाईंना खरं सांगायचा संकल्प. सकाळी त्या मीटिंगला गेल्या. दुपारी मी तक्ते काढत होतो. संध्याकाळी डोकं दुखत होतं.

सोमवारी नक्की.

सोमवार, ८ डिसेंबर

आज कात्री नेली नाही. पेपर उघडला. पाचव्या पानावर, आठ ओळी. शाळांच्या विलीनीकरणावर शिक्कामोर्तब. नवीन सत्रापासून. आपलं नाव तिसरं.

पेपर अख्खा वर्गात नेला. वकिलिणीच्या हातात दिला. तिने पानं उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा. उजेडाकडे धरून बघितला. कुठेच खिडकी नव्हती. ती गोंधळली. म्हणाली, सर, आज यातलं वाचायचं काय?

मी म्हणालो, पान पाच. मोठ्याने वाच.

तिने उभं राहून वाचलं. सावकाश, स्वल्पविरामाला थांबत, मी शिकवलं तसं. संपलं तेव्हा मी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. बोला. काहीही बोला. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

मग मी सांगितलं. ती बातमी मला दिसली होती. मी वाचली होती, अर्धी. मागे गाद्यांची जाहिरात होती. ही जाहिरात मी का सांगितली, कळत नाही. त्यांना तर ती माहीतच असणार, घरच्या पेपरात. कोणीतरी मान डोलावली.

बाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, मी बघितलं नव्हतं. किती ऐकलं, त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आत आल्या, पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी बसल्या, पेपर मागून घेतला आणि त्या आठ ओळी स्वतः पुन्हा वाचल्या, मनात. घडी घातली. मग माझ्याकडे न बघता, शाळेच्या कामाचं सांगावं तशा म्हणाल्या की खात्याचा निरोप आलाय, या महिन्यापासून शाळेचा वरखर्च थांबवायचा, छोट्या गोष्टींपासून सुरुवात करू.

त्या गेल्यावर पेपर मी टेबलावर ठेवला. मधल्या सुट्टीत तिसरीच्या बाईंनी कोडं सोडवलं. पूर्ण. पहिल्यांदाच.

उद्या : पेपरवाल्याला सांगणे, शाळेचा पेपर बंद.